देवाच्या नावानं मोकाट

रंभाकाकूच्या वालाच्या शेताकडे वळण्याआधी गावातली गुरंसुद्धा ती घरात आहे की बाजाराला गेलीय ते बघून घेतात, असं लोक म्हणायचे. लोक वाढवून सांगतात हे खरं, पण या बाबतीत फार वाढवत नव्हते. मुरबाडहून धसईला जाणारी एसटी ज्या फाट्यावर थांबते, तिथून आत गेलं की हे गाव लागतं, आणि काकूचा आवाज फाट्यापर्यंत यायचा. कंडक्टरांना तो ओळखीचा झाला होता. आवाज चालू असला तर उतरणाऱ्याला ते सांगत, "जा सावकाश, अजून चाललंय."

तिचा नवरा गेला तेव्हा मुलगा संदेश सहावीत होता. शेत लहान, दीर लांब हातांचे, आणि बांध दर पावसाळ्यात थोडा थोडा तिच्या बाजूला सरकायचा. रडून काही होत नाही हे तिला पहिल्या वर्षी कळलं आणि ओरडून बरंच काही होतं हे दुसऱ्या वर्षी. तेव्हापासून तिनं रडणं सोडून दिलं. बांध जागच्या जागी राहिला, दीर वाट बदलून जाऊ लागले, आणि हळूहळू बाकीचं गावही वाट बदलून जाऊ लागलं. याचं तिला त्या वेळी काही वाटलं नाही.

एकाच गोष्टीपुढे तिचं तोंड अपुरं पडायचं, ती म्हणजे मोकाट गुरं. भात झोडून झालं की गुरांची दावी काढायची ही इकडची जुनी रीत. पाठीवर थाप मारायची आणि सोडून द्यायचं, संध्याकाळी आली तर आली. त्याच शेतात भाताच्या ओलीवर वाल पेरायचा ही दुसरी जुनी रीत. या दोन रीती एकमेकींच्या सवती आहेत हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलणार कोण? वाल प्रत्येकाचा होता आणि गुरंही प्रत्येकाची होती. आपला वाल राखायचा आणि आपली म्हैस दुसऱ्याच्या वालात शिरली की विडी पेटवून डोंगराकडे बघत बसायचं, असा एकूण शिरस्ता होता.

पंच्याण्णव सालच्या पौषात रंभाकाकू ग्रामसभेला आली ती पदरात उपटलेले, तुडवलेले, अर्धे चघळलेले वालाचे वेल घेऊन. तिनं ते सरपंचांच्या टेबलावर ओतले आणि उभीच राहिली. ती खाली बसेना, म्हणून शेवटी ठराव झाला. वाल निघेपर्यंत ज्यानं त्यानं आपलं जनावर बांधायचं, दुसऱ्याच्या शेतात सापडलं तर कोंडवाड्यात घालायचं, आणि मालकानं नुकसान भरून द्यायचं. पंचायतीच्या मागे जुना दगडी कोंडवाडा होता, त्यात शाळेची मोडकी बाकं पडली होती. ती काढली, दाराला जाड लाकडी आगळ बसवली आणि डोंगरावरच्या वाडीतल्या धाऊला राखणीला नेमलं.

"आणि मालकानं सोता यायचं," काकू म्हणाली. "बायकोला धाडायचं नाय, पोराला धाडायचं नाय. कोंडवाड्याच्या दारात उभं ऱ्हाऊन चारचौघांत बोलायचं, जनावर माझं हाय, नुकसान माझ्या अंगावर. मंगच आगळ काढायची."

सरपंचांना वाटलं, एवढ्यानं काय होतंय. पण काकूनं गाव बरोबर ओळखलं होतं. दंड भरायला कोणी कां-कू करत नसे, पण ते वाक्य कोणाच्या घशातून निघेना. वाल्मिक हा पंचायतीचा माजी सदस्य, अंगात नेहमी इस्त्रीचा सदरा. त्याची म्हैस पहिल्याच आठवड्यात सापडली, तेव्हा तो दुपारभर कोंडवाड्याबाहेर 'म्हैस तशी आमचीच म्हणायची' इथपर्यंत येऊन थांबत होता. काकू समोरच्या पारावर बसून त्याला ऐकवत होती. जनावर पाळायचं तर दावं पाळावं. दूध प्यायला तुजं तोंड पुढं, भरपाईला कोणाचं? म्हशीला अक्कल नाय, ती तुज्याकडून कुठून घ्यायची? शेवटी दिवेलागणीला वाल्मिक ते वाक्य बोलला आणि म्हैस घेऊन मान खाली घालून गेला.

पुढच्या खेपेला धाऊला त्याची दया आली आणि त्यानं म्हैस मागच्या मागे सोडून दिली. काकूला हे कळायला किती वेळ लागणार? तिनं धाऊला कणसरीची, म्हणजे त्याच्या धान्याच्या देवीची, आण घालायला लावली, की मालकानं तोंडानं कबूल केल्याशिवाय आत आलेलं जनावर बाहेर जाणार नाही, मग ते कोणाचंही असो. धाऊ साधा माणूस. त्यानं आण घेतली आणि त्याला ती पाळावी लागणार हेही त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं. तो आठवडाभर उदास होता.

दोन हिवाळे गावात वाल असा झाला की बिरडं खाऊन माणसं कंटाळली. गुरं दाव्याला होती. काकूचं कौतुक मात्र कोणी केलं नाही.

मग नवस झाला. संदेश मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात रोजंदारीवर लागला होता आणि पर्मनंट होत नव्हता. काकू वेशीवरच्या बहिरोबाला बोलली, "पोर पर्मनंट होऊ दे, तुला बोकड देईन." आणि हिशेबाची बाई असल्यामुळे बोकड तेव्हाच लहान असताना घेतला, म्हसा गावच्या जत्रेतून. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, कान लांब. बहिरोबाची पूजा करणाऱ्या देवरामनं त्याच्या कानाला खूण केली आणि बोकड देवाचा झाला.

देवाच्या बोकडाला दावं लावत नाहीत. काठी मारत नाहीत, विकत नाहीत. नवस पुरा झाला की माघी पौर्णिमेच्या जत्रेत तो बहिरोबापुढे जातो आणि मग गावाच्या पानात. तोवर त्याला सगळं रान मोकळं. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तरी ज्या गावानं ठराव केला त्या गावाच्या मनात आलं नाही की ठरावात देवाच्या बोकडाचं काय ते लिहून घ्यावं. काकूच्याही आलं नाही. ते तिच्या लक्षात आलं बोकडानं भागीची मेथी खाल्ली त्या दिवशी.

भागी काकूची शेजारीण, दोन घरं सोडून राहणारी. ती अंगणाच्या कडेला उभी राहून म्हणाली, "काकू, तुमच्या बोकडानं माजी मेथी खाल्लान."

ठराव काकूचा, वाक्य तिचं, आणि आता ते तिनंच बोलायचं. मग तिला बोकडाचा कान दिसला.

"माझा कुठं हाय गो," ती म्हणाली. "ते देवाचे हायत. बहिरोबाला जाऊन सांग."

भागीला यावर काय बोलावं ते सुचलं नाही, आणि इथून दोन वर्षं गावाला कोणालाच सुचलं नाही. बोकड वाल्मिकच्या वालात शिरला, देवाचा होता. लग्नघरात शिरून त्यानं नवऱ्याच्या मुंडावळ्या खाल्ल्या, मुहूर्त अर्धा तास पुढे गेला, तरी देवाचाच होता. मोकाट जनावरांबद्दलची सूचना पंचायतीनं पिठाच्या खळीनं भिंतीवर चिकटवली, ती त्यानं खळीसकट खाल्ली. दुसरी लावली, तीही खाल्ली. तिसरी शिपायानं एवढ्या उंचीवर लावली की ती मग कोणाला वाचता येईना. चारचौघांत काकू त्याला अहोजाहो करायची. "चरतायत चरू दे, देव हायत," असं म्हणून ती हात जोडायची आणि लोकांचा नुसता जळफळाट व्हायचा. लबाडी करायची तर ती अशी भक्तिभावानं करावी.

घरी मात्र त्याला अहो नव्हतं. "आलास का मेल्या," असं ती म्हणायची. संदेशनं मुरबाडला खोली घेतली होती. पहिल्यांदा तो दर रविवारी यायचा, मग एक सोडून एक, मग सणाला. काकूचा उंबरा चढायचं धाडस गावात कोणी करत नव्हतं. हळदीकुंकवालाही बायका येत त्या अंगणातूनच कपाळ पुढे करत. संध्याकाळी घर खायला उठायचं. तेव्हा हा बोकड यायचा, दारात पाय दुमडून बसायचा आणि रवंथ करायचा. काकू भाकरी थापता थापता त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. कोण काय बोललं, आपण काय बोललो, आणि काय बोलायचं राहून गेलं. तो उलट बोलायचा नाही, उठूनही जायचा नाही. एवढं तिचं बोलणं नवऱ्यानंही ऐकलं नव्हतं. तिचा त्याच्यावर जीव जडला होता आणि हे ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या माघात संदेश अचानक पेढे घेऊन आला. पर्मनंट झाला होता. काकूनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, देवाला दिवा लावला. मग तिनं वळून बघितलं तर बोकड पेढ्यांचा पुडा खात होता, कागदासकट. पौर्णिमा आठवड्यावर आली होती.

"कोणाला सांगू नको इतक्यात," ती संदेशला म्हणाली.

"येताना एसटीत सगळ्यांना पेढे दिले ना," संदेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराम आला, उंबऱ्याबाहेरूनच बोकडाकडे बघून म्हणाला, "भरलाय चांगला." तो गेल्यावर गावातली चार माणसं उगाचच काकूच्या अंगणावरून गेली आणि चौघांनीही मान वळवून बोकडाची तब्येत बघितली. काकूनं त्या आठवड्यात कोणाशी भांडण केलं नाही. फाट्यावर कंडक्टरनं चौकशी केली, म्हातारी आजारी आहे का म्हणून.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भागीची गाय कोंडवाड्यात होती. तिच्यासाठी धाऊ वालाच्या वेलांचा ताजा भारा डोक्यावर घेऊन आत चालला होता. भाऱ्याच्या मागून बोकड चालला होता, वेल ओढत. धाऊ आत गेला, भारा टाकला, सवयीनं बाहेर येऊन आगळ लावली आणि मग आत बघितलं. गाईशेजारी काळा बोकड, कपाळावर पांढरा ठिपका, वाल खातोय. धाऊनं डोक्याला हात लावला. कोंडवाड्यात बोकडाला त्यानं घातलं नव्हतं, बोकड आपल्या पायांनी गेला होता, पण आगळ तर धाऊच्याच हातानं लागली होती आणि आण कणसरीची होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. काकू धापा टाकत आली तेव्हा कोंडवाड्यापुढे सगळं गाव जमलं होतं. वाल्मिक इस्त्रीचा सदरा घालून पारावर बसला होता, त्याच्या म्हशीच्या वेळी काकू बसली होती बरोबर त्याच जागी.

"धाऊ, आगळ काढ," काकू म्हणाली.

धाऊनं मान खाली घातली. "मालक कोन गो काकू?"

"देव."

"मंग देवाला येऊ दे. मालकानं सोता यायचं, ही तुजीच बोली हाय. मी आन खाल्लीय."

गर्दीतून देवराम पुढे आला. "देवाच्या बाजूनं मी बोलतो," तो म्हणाला. "देवाचं जनावर देवाकडं जाऊ दे. उद्या तसंही जायचंच हाय. नुकसान देवाचं, देव बघून घेईल."

गावात एकदम दोन पक्ष पडले. बोकड देवाचा ठरला तर उद्या पानात मटण होतं, पण दोन वर्षांची भरपाई बुडत होती. काकूचा ठरला तर तिची जिरणार होती, पण मटण जात होतं. घराघरांत फूट पडली. भागीचा नवरा मटणाकडे होता, भागी जिरवण्याकडे. वाल्मिकला दोन्ही हवं होतं आणि ते कसं जमवावं याचा तो पारावर बसून मनापासून विचार करत होता.

काकू आगळीला हात लावून उभी होती. आत बोकडानं तिचा आवाज ओळखून मान वर केली, तोंडात वेल तसाच. तिनं 'देवाचा' म्हटलं की सगळं सुटत होतं. तिचं तोंड वर राहत होतं, नवस फिटत होता, पोराची नोकरी सुखरूप राहत होती. फक्त उद्या संध्याकाळी दारात कोणी बसणार नव्हतं. आणि 'माझा' म्हणावं तर देव काय करील, संदेशच्या नोकरीचं काय करील, याचा भरवसा नव्हता. ती इतका वेळ गप्प उभी राहिली की लोकांना अवघडल्यासारखं झालं. तिला गप्प बघायची कोणाला सवय नव्हती.

"माझा हाय," ती म्हणाली.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. "काय बोलली, काय बोलली," अशी कुजबुज झाली. काकू वळली आणि फाट्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "बोकड माझा हाय. पयल्यापासून माझाच. नुकसान माझ्या अंगावर."

धाऊनं आगळ काढली. ती काढताना तो हसत होता, पण ते त्यानं खाली बघून लपवलं.

"आन नवसाचं काय?" देवराम म्हणाला.

"नवस मी बोलले, पोर नाय बोललं," काकू म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायला तिला वेळ नव्हता. "दोन वर्षं मी देवाचं नाव पुढं करून लोकांचं खाऊ घातलं याला. लबाडी माझी. बहिरोबाला सांग, जे करायचं ते मला कर, पोराच्या वाटेला जाऊ नको."

देवरामनं दाढी खाजवली. मग तो म्हणाला, "बोकडाच्या बदली कोहळा चालतो. माज्या बापाच्या वेळंला एकदा दिलावता. देव ऐकेल. गावाचं मी सांगू शकत नाय."

गावाचं सांगण्यासारखं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी बहिरोबापुढे रंभाकाकूच्या हातानं कोहळा फुटला, आणि जत्रेच्या पानात कोहळ्याची भाजी आली. भागीच्या नवऱ्यानं ती बोटानं पानाच्या कडेला सारली आणि उरलेलं जेवण बायकोकडे न बघता केलं.

वाल निघाल्यावर काकू भरपाई द्यायला निघाली. डोक्यावर वालाची पाटी, हातात मापटं, घरोघर. मेथीचं, वालाचं, मुंडावळ्यांचं, पंचायतीच्या दोन सूचनांचंसुद्धा. वाल घेऊन कोणी तिला तसंच सोडलं नाही. प्रत्येक घरानं तिला अंगणात उभं केलं आणि ऐकवलं. वाल्मिकनं तर सदरा बदलून आल्यावर सुरुवात केली. जनावर पाळायचं तर दावं पाळावं. चारायला तुझा हात पुढं, भरपाईला कोणाचा? एकेक वाक्य त्याला पाठ होतं, तिचंच होतं, आणि इतक्या वर्षांत त्यानं ते जपून ठेवलं होतं. काकूनं सगळं ऐकून घेतलं. एके ठिकाणी तो अडखळला, तेव्हा पुढचं तिनंच सांगितलं.

मग बोकडाच्या गळ्यात दावं आलं. ज्यानं कधी दावं बघितलं नाही त्यानं ते पहिल्या दिवशी चावून तोडलं आणि भागीची कोथिंबीर खाल्ली. भागी भांडायला आली. आता देव मध्ये नव्हता, मालकीण समोर होती, त्यामुळे ती अंगणात न थांबता थेट उंबरा ओलांडून आत आली आणि नीट बसून भांडली. काकूनं चूक कबूल केली, पाट दिला, चहा दिला. भागी कोथिंबिरीवरून सुरू होऊन सासूवर गेली आणि दिवे लागल्यावर उठली. दुसऱ्या खेपेला वाल्मिकची बायको आली, तिच्याबरोबर तिची जाऊ. तिसऱ्या खेपेला खुद्द वाल्मिक आला आणि दोन कप चहा पिऊन, नुकसान तसं फार नाही म्हणून, भरपाई न घेता गेला. बोकडाची तक्रार हे त्या घरी जायचं चांगलं निमित्त झालं. बायकांना कळलं की ही बाई बोलते तशीच ऐकतेही, फक्त तिला कोणी तोवर काही सांगितलं नव्हतं.

पुढे चैत्रात काकूनं दाव्याऐवजी साखळी आणली. मालकाची जबाबदारी म्हणजे जबाबदारी. बोकड दोन दिवस ओरडला, मग शहाणा झाला. दारात गप्प बसून रवंथ करू लागला. त्या आठवड्यात कोणाचं काही खाल्लं गेलं नाही. सोमवारी कोणी तक्रारीला आलं नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. काकू दोनदा अंगणात येऊन रस्ता बघून गेली. पलीकडे भागी मेथीला पाणी घालत होती, मेथी चांगली तरारली होती.

गुरुवारी दुपारी काकूनं साखळी काढून ठेवली, जुनं दावं घेतलं, त्याची गाठ जरा सैल मारली, आणि आत जाऊन चार कपांचं आधण ठेवलं.